खडकीची छावणी आणि जुन्या दुनळी बंदुकांचे मोल

वापरलेल्या वस्तूंच्या किमतींचा इतिहास हा आपल्याकडील अर्थेतिहासाचा एक उपेक्षित भाग होय. धान्य, कापूस, सोने यांच्या भावांविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या टिकाऊ वस्तूची किंमत कशी ठरते, तीवर कोणकोणत्या शक्तींचा दाब पडतो, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेलेले आढळते. बारा बोअरची दुनळी बंदूक ही या दृष्टीने अतिशय बोलकी वस्तू आहे. नीट राखली तर ती शंभर वर्षे टिकते, तिच्या अंगावर तिच्या जन्माचे दाखले कोरलेले असतात, आणि तिची प्रत्येक विक्री सरकारी परवान्याच्या कक्षेतच होत आलेली आहे. हिंदुस्थानात तिचा वापर रुजला तो मुख्यतः छावण्या, संस्थाने आणि मळेवाल्यांच्या वस्त्या यांतून. त्यांपैकी छावणीचा विचार करावयाचा तर पुण्याजवळच्या खडकीसारखे दुसरे सोयीचे उदाहरण सापडणे कठीण, कारण येथे बंदूक बाळगणाराही होता आणि काडतूस बनविणाराही.

५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर खडकीस कायमची छावणी पडली. पुढे १८६९ साली तेथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. त्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला, आणि मुंबई-पुणे लोहमार्ग तर बोरघाट ओलांडून १८६३ पासूनच अखंड चालू होता. म्हणजे बर्मिंगहॅमहून निघालेली पेटी काही आठवड्यांत खडकीच्या स्थानकावर उतरू शकेल, अशी स्थिती या सुमारास प्रथमच आली. पावसाळ्याचे महिने मुंबई इलाख्याचा गव्हर्नर गणेशखिंडीच्या प्रासादात काढीत असे. जेथे पुढे १९४९ साली विद्यापीठ आले तोच हा परिसर. पावसाळा सरला की लाव्हे, तित्तर आणि पाणबदके यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होई. तेव्हा बंदूक बदलावयाची, जुनी विकून नवी घ्यावयाची किंवा बदलून गेलेल्या सहकाऱ्याची घ्यावयाची, याची वेळही पावसाळ्याअखेरची असणे स्वाभाविक होते.

बंदुका दुसऱ्या हाती जाण्याचा एक ठरीव मार्ग मात्र अधिक खिन्न होता. लष्करात मृत्यू पावलेल्या अधिकाऱ्याचे व शिपायाचे देणे भागविण्यासाठी त्याच्या सामानाचा लिलाव करावा, अशी व्यवस्था ब्रिटिश पार्लमेंटच्या १८६३ च्या व नंतर १८९३ च्या कायद्याने लावून दिली होती. मृताच्या पलटणीतील अधिकाऱ्यांची एक समिती यादी करी आणि छावणीतच विक्री होई. पटकी आणि विषमज्वर यांनी तरुण अधिकारी अकस्मात मरत, त्या काळात अशा लिलावांची संख्या थोडी नसणार. घोडा, खोगीर, पुस्तके, बंदूक असा तो क्रम असे. लिलावात बोली लावणारे बहुधा मृताचेच सोबती असत, आणि मृताच्या घरी चार पैसे अधिक जावेत म्हणून चढी बोली लावण्याची रीतही लष्करात होती. या कारणाने लिलावाचा आकडा हा निव्वळ बाजारभाव समजणे धोक्याचे आहे. अभ्यासकाने अशा नोंदी वापरताना हे भान राखणे अगत्याचे होय.

किमतीच्या मुळाशी तीन गोष्टी होत्या: विलायतेतील मूळ किंमत, रुपयाचा हुंडणावळीचा दर, आणि यंत्ररचनेतील बदलामुळे येणारे जुनेपण. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा विचार आजवर झालेला नाही. वस्तुतः तीच सर्वांत निर्णायक असावी. इंग्लिश बंदुका गिनीत विकल्या जात, आणि गिनी म्हणजे २१ शिलिंग. हिशेबासाठी ४० गिनी किमतीची एक मध्यम प्रतीची बंदूक घेऊ. १८७० च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. त्या दराने या बंदुकीस सुमारे ४२० रुपये पडत. पुढे चांदीचा भाव कोसळला आणि १८९४-९५ मध्ये रुपया एक शिलिंग एक पेनीच्या आसपास उतरला. तीच ४० गिनींची बंदूक आता सुमारे ७७५ रुपयांची झाली. १८९८ च्या सुमारास दर एक शिलिंग चार पेनीवर स्थिरावला, म्हणजे किंमत ६३० वर आली. १९२७ च्या कायद्याने एक शिलिंग सहा पेनी हा दर पक्का झाला, तेव्हा ५६०. वाहतूक व जकात यांचा खर्च यात धरलेला नाही.

या आकड्यांचा अर्थ असा की, ज्याने सत्तरीच्या आरंभी रुपयात बंदूक घेतली त्याने वीस वर्षे ती वापरली आणि विकली, तरी रुपयांच्या हिशेबात त्यास फारसा तोटा होण्याचे कारण नव्हते. उलटपक्षी ज्याचा पगार रुपयांत ठरलेला होता त्या कनिष्ठ अधिकाऱ्यास नवी बंदूक घेणे १८९४ साली जवळजवळ दुप्पट जड झाले. जुन्या बंदुकीची मागणी छावणीत वाढावी यास आणखी कारण शोधावयास नको. मुंबईस १८९१ साली आर्मी अँड नेव्ही संस्थेचे दुकान उघडले. तिच्या छापील किंमतपत्रिकेमुळे नव्या मालाचा भाव सर्वांस ठाऊक होऊ लागला, आणि जुन्या मालाची घासाघीस त्या भावाला धरून होऊ लागली असे मानावयास हरकत नाही.

यंत्ररचनेतील बदलाची गती या काळात विलक्षण होती. शतकाच्या मध्यापर्यंत ठासणीची बंदूक सर्वत्र होती: तोंडातून दारू, बोळा व छर्रे घालून गजाने ठासावयाचे. लेफोशे या फ्रेंच कारागिराने पिछाडीकडून भरण्याची मोडती बंदूक १८३० नंतरच्या दशकात प्रचारात आणली. १८६१ मध्ये डॉ या लंडनच्या व्यापाऱ्याने मध्यभागी टोपी असलेले काडतूस विकावयास काढले. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडील अँसन व डीली यांनी बाहेरचे घोडे नाहीसे करून आतल्या पेटीत कळ बसविली. १८८० मध्ये बीझ्लीची स्वतः उघडणारी रचना पर्डी यांनी घेतली. या वीस वर्षांत घेतलेली प्रत्येक बंदूक पाच-सहा वर्षांत जुनाट ठरे. १८८० नंतर मात्र हे सर्व थांबले. आज लंडनमध्ये बनणारी उत्तम दुनळी आणि १९०० साली बनलेली दुनळी यांत तत्त्वतः फरक नाही. त्यामुळे १८८० पूर्वीच्या आणि नंतरच्या बंदुकांच्या किमती एकाच मापाने मोजणे चूक ठरते. पहिल्यांची किंमत फॅशनसारखी पडत गेली. दुसऱ्यांची केवळ झिजेने.

या काळातील एक अन्याय येथे नमूद करण्याजोगा आहे. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकावर एक गुंडाळून, ठोकून केलेल्या नळ्यांना दमास्कसी नळ्या म्हणत. त्यांवर लाटांसारखी नक्षी उमटे. धूरहीन दारू आली तेव्हा या नळ्या तिच्यापुढे टिकणार नाहीत असा समज पसरला आणि त्यांच्या किमती घसरल्या. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाने घेतलेल्या तुलनात्मक चाचण्यांत उत्तम इंग्लिश पीळदार नळ्या एकसंध पोलादाच्या तोडीस उतरल्या होत्या. परंतु बाजार चाचण्यांचे अहवाल वाचत नाही. शिवाय स्वस्त बेल्जियन नळ्याही त्याच नक्षीच्या असत आणि त्यांतील काही खरोखरच फुटत; त्यांच्या पापाचे फळ चांगल्यांनाही भोगावे लागले.

येथे बंदूक पारखण्याच्या विद्येचा थोडा तपशील देणे इष्ट आहे, कारण किंमत ठरविणारा व्यापारी आणि काळ ठरविणारा इतिहासकार हे दोघे एकाच खुणा वाचतात. इंग्लंडात कोणतीही नळी लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहात जादा दारूचा बार काढून तपासल्याखेरीज विकता येत नसे. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. नळ्या उतरवून त्यांचा खालचा सपाट भाग पाहिला की तेथे बारीक छाप दिसतात. गोळीसाठी नव्हे अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असली तर नळी १८७५ ते १८८७ या काळातील व तोंडाशी आवळलेली समजावी. पत्त्यांतील चौकटच्या आकारात १२ चा आकडा असेल तर ती १८८७ नंतरची पण १९२५ च्या आधीची. धूरहीन दारूच्या परीक्षेचा स्पष्ट उल्लेख १९०४ च्या नियमांपासून येतो. काडतुसाच्या घराची लांबी इंचांत कोरणे १९२५ च्या नियमांनी आवश्यक केले. आणि दाबाचा टनांतील आकडा दिसला तर परीक्षा १९५४ च्या नियमांनंतरची होय. बनविणाऱ्याचे नाव खोटे असू शकते, विकणाऱ्याची हकीकत खोटी असू शकते. हे छाप सहसा खोटे नसतात.

बोअर म्हणजे काय हेही पुष्कळांस ठाऊक नसते. एक पौंड शिशाच्या समान बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची. तिचा व्यास ०.७२९ इंच. तेराची नळी ०.७१० इंच, आणि या दोहोंच्या मधली, १३/१ अशा छापाची, ०.७१९ इंच. वर्षानुवर्षे गंज काढण्यासाठी नळी आतून घासली गेली की व्यास वाढतो व भिंत पातळ होते. छापात लिहिलेल्या मापापेक्षा व्यास सुमारे एका इंचाच्या शंभराव्या भागाहून अधिक वाढला तर ती नळी परीक्षेबाहेर गेली, असे इंग्लंडात मानतात आणि पुन्हा परीक्षा झाल्याखेरीज ती विकू देत नाहीत. आपल्याकडे जुनी बंदूक फेरपरीक्षेसाठी इंग्लंडास पाठविणे सामान्य मालकाच्या आटोक्याबाहेरचे होते. त्यामुळे चकचकीत आरशासारखी नळी पाहून गिऱ्हाईक खूश होई, परंतु जाणता मनुष्य त्याच चकाकीने सावध होई. बारीक खड्डे असलेली जाड नळी ही घासून लखलखीत केलेल्या पातळ नळीपेक्षा केव्हाही अधिक मोलाची.

दुसरी खूण सांध्याची. नळ्या मोडून पुन्हा मिटल्यावर त्यांची पिछाडी पाट्याला घट्ट भिडली पाहिजे. मधून उजेड दिसला किंवा दस्ता हलविताना खडखड झाली, तर बिजागरी झिजली असे समजावे. तिसरी, नळ्या दोरीने टांगून हलकेच ठोकल्या तर घंटेसारखा नाद निघावा. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधील पट्टीचा झाळ सुटला आहे. चौथी खूण सर्वांत महत्त्वाची, कारण ती जिवाशी निगडित आहे. जुन्या इंग्लिश बंदुकांची काडतुसाची घरे बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असतात. त्यांत ७० मिलिमीटरचे काडतूस बसते खरे, परंतु उडाल्यावर त्याचे तोंड उलगडावयास जागा राहत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. या लांबीची चौकशी न करता केलेला सौदा स्वस्त असला तरी महागच.

बेल्जियममधील लिएज येथून आलेल्या बंदुकांचा प्रश्न वेगळा. त्या इंग्लिश बंदुकांच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत, आणि काहींवर प्रसिद्ध इंग्लिश घराण्यांशी मिळतीजुळती नावे कोरलेली असत. वेस्टली रिचर्ड्स ऐवजी नुसते डब्ल्यू. रिचर्ड्स, हा त्यांतला ठळक नमुना. हिंदुस्थान सरकारने १८८९ च्या चौथ्या कायद्याने अशा फसव्या व्यापारचिन्हांस आळा घालण्याचा यत्न केला. तथापि नाव कोणतेही असो, नळीखाली अंडाकृतीत ई. एल. जी. ही अक्षरे आढळली की गाव कोणते ते कळते. सर्वच बेल्जियन माल टाकाऊ होता असे मात्र नव्हे; लिएजच्या उत्तम कारागिरांची कामे लंडनच्या जोडीला बसतील अशी आहेत.

आतापर्यंतचे विवेचन बंदूक ही एक वस्तू समजून झाले. परंतु १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर हिंदुस्थानात बंदूक ही केवळ वस्तू उरली नाही. लिटनच्या या कायद्याने परवाना सक्तीचा केला. युरोपियनांस मात्र त्यातून सूट राहिली. ही वांशिक सवलत पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांनी निघाली, तोवर चाळीस वर्षे गेली होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला तो उगीच नव्हे. एका छावणीत एकाच बंदुकीसाठी दोन प्रकारची गिऱ्हाइके होती: एकास फक्त पैसे द्यावयाचे होते, दुसऱ्यास आधी कलेक्टरची मर्जी संपादावयाची होती. पुण्याच्या परिसरात वासुदेव बळवंत फडके यांचे १८७९ चे बंड आणि २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी केलेला रँडचा वध यांनंतर ही मर्जी किती आटली असेल, याची कल्पना करता येते. खडकीपासून हाकेच्या अंतरावर घडलेल्या या दुसऱ्या घटनेचा परिणाम शस्त्रांच्या व्यवहारावर झाला नसेल असे म्हणणे धाडसाचे होईल. १९१४ मध्ये कलकत्त्याच्या रोड्डा कंपनीचा माल क्रांतिकारकांनी पळविल्यावर तर व्यापाऱ्यांच्या वह्यांवरील नजर सर्वत्र कडक झाली.

१९४७ नंतर गोरे अधिकारी गेले आणि त्यांच्यामागे पुष्कळ बंदुका येथेच राहिल्या. तेव्हापासून किमतीचा विलायतेशी असलेला धागा हळूहळू तुटत गेला. १९५६ च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावाने शस्त्रनिर्मिती सरकारच्या हाती राखली. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात आवळली गेली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन पौंड १३.३३ रुपयांवरून २१ रुपयांवर गेला. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी बंदुकांची आयात जवळजवळ बंदच झाली. काडतुसांचा भार देशी कारखान्यांवर आला आणि खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ नावाची बारा बोअरची काडतुसे, बुडावर के. एफ. हा छाप असलेली, पर्डीच्या नळीतही भरली जाऊ लागली.

१९५९ चा हत्यारांचा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या १३ व्या कलमाने वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीस स्वसंरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी आणि ठासणीच्या बंदुकीस पीकरक्षणासाठी परवाना मिळविणे इतर शस्त्रांपेक्षा सोपे ठेवले. दुनळीचा प्रसार टिकला तो या कलमामुळे. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती व्यवहारतः संपुष्टात आली. ज्या कामासाठी ही बंदूक घडली ते काम नाहीसे झाले. पक्ष्यावर नेम धरताना खांद्याला सहज लागावी म्हणून साडेसहा पौंडांत बसविलेला तिचा तोल, उजव्या नळीपेक्षा किंचित आवळलेली डावी नळी, आपोआप काडतूस बाहेर फेकणारी कळ, या सर्व गुणांना आता गिऱ्हाईक उरले नाही.

नवे गिऱ्हाईक आले ते निराळ्या वर्गातून. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा वाढल्या, आणि दाराशी दुनळी घेतलेला पहारेकरी उभा राहिला. पुणे आणि खडकीत निवृत्त सैनिकांची वस्ती मोठी. स्वतःची परवान्याची बंदूक असेल तर पहाऱ्याची नोकरी मिळणे सोपे जाते. अशा माणसास बंदूक हवी ती चालू, परवान्यात बसणारी आणि स्वस्त. बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट आणि ईशापूरची सरकारी दुनळी त्यास सारखीच. किंबहुना दुसरीचे सुटे भाग मिळतात म्हणून तीच बरी. जी बंदूक इंग्लंडात संग्राहक कौतुकाने घेईल ती येथे पहारेकऱ्याच्या पगाराला परवडेल अशा भावात विकली जाते, आणि साध्या परदेशी पिस्तुलास मात्र आयातबंदीमुळे लाखांची किंमत येते. मोलाचा हा उलटा क्रम केवळ कायद्याने घडविलेला आहे. कारागिरीचा त्याच्याशी संबंध नाही.

विक्रीची रीतही कायद्याने बांधली आहे. खाजगी मालकास आपली बंदूक परवानाधारकास विकता येते; परंतु त्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. पुण्यात १९६५ साली पोलीस आयुक्तालय झाल्यापासून शहरातील परवान्यांचे काम आयुक्तांकडे आहे. या मुदतीत भाव ठरलेला असूनही सौदा मोडू शकतो, आणि ज्याला घाई आहे तो मालक व्यापाऱ्याकडे वळतो. घाईची किंमत मालकच मोजतो हे सांगावयास नको.

सर्वांत मोठा दाब मात्र संख्येच्या मर्यादेचा आहे. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन बंदुका ठेवता येत होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आणली आणि वारशाने येणाऱ्या शस्त्रांनाही ती लागू केली. जादा शस्त्र एक वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावयाचे होते. ज्या घरात आजोबांची दुनळी, वडिलांची रायफल आणि स्वतःचे पिस्तूल होते, तेथे काय जावयाचे हे ठरविणे कठीण नव्हते. भावनेने आजोबांची बंदूक मोठी, पण उपयोगाने आणि किमतीने ती सर्वांत लहान. २०१६ च्या नियमांत वारसास परवाना देण्याची तरतूद आहे खरी; तथापि शहरात वाढलेल्या नातवंडांना बंदूक नकोच असते, आणि मुदतीत विल्हेवाट न लागलेले शस्त्र २१ व्या कलमाखाली सरकारजमा होऊ शकते.

याच कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या शस्त्रांना सूट आहे. याचा परिणाम विचित्र होतो. बंदूक निकामी केली तर ती घरात राहू शकते. चालू ठेवली तर परवाना हवा. १९२५ पूर्वीची प्रत्येक दुनळी आता शंभर वर्षांची झाली आहे. ऐतिहासिक महत्त्वाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंस पुराणवस्तू मानणारा १९७२ चा कायदा खाजगी व्यक्तीस अशा वस्तू देशाबाहेर नेऊ देत नाही. परदेशातील बाजारभावाचा लाभही अशा रीतीने मालकास मिळत नाही.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात संस्थानी शस्त्रे पाहावयास मिळतात. राजघराण्यांच्या बंदुका अशा रीतीने बहुधा वाचतात. मध्यम प्रतीची बंदूक वाचत नाही. छावणीतील सुभेदाराने, घाटमाथ्यावरील इनामदाराने किंवा रेल्वेच्या इंजिनियराने घेतलेली, दोनतीन हातांतून फिरलेली, दस्त्यावर पितळी पट्टी मारून सांधलेली दुनळी ही कोणत्याही संग्रहालयाच्या यादीत बसत नाही. आणि अर्थेतिहासाच्या दृष्टीने नेमकी तीच महत्त्वाची आहे. परवान्यावर तिची नोंद होते ती प्रकार, बोअर आणि क्रमांक एवढीच. नळीखालचे छाप, घराची लांबी, दस्त्याची दुरुस्ती, पट्टीवरील विक्रेत्याचे नाव व गाव हे काही तेथे लिहिले जात नाही. जमा झालेली बंदूक वितळण्यापूर्वी नळ्या उतरवून हे छाप टिपून घेण्यास प्रशिक्षित विद्यार्थ्यास पाव तासाहून अधिक वेळ लागू नये.